आधी कातळ, मग मँगनीज

तुमसरच्या उत्तरेला मँगनीज आहे, हे सांगायला कुठल्याही यंत्राची गरज नाही. डोंगरी बुजुर्ग, चिखला, सीतासावंगी ही खाणींची नावं भंडारा जिल्ह्यात शाळकरी पोरांनाही ठाऊक असतात. 1900 च्या सुमारास या भागात खाणकाम सुरू झालं, ते टेकड्यांच्या माथ्यावर उघडं पडलेलं काळं, जड धातुक, म्हणजे ज्यातून धातू काढतात तो दगड, डोळ्यांनी पाहूनच. डोळ्यांना जे दिसण्यासारखं होतं ते शंभर वर्षांत बहुतेक सगळं सापडलं. उरलं आहे ते धानाच्या बांध्यांखाली, नदीने आणून टाकलेल्या मातीखाली. टेकडी संपते तिथे मँगनीजचा पट्टा संपतोच असं नाही. तो मातीखाली शिरतो, वळ्या घेतो, कुठे जाड होतो, कुठे अगदी निमुळता होऊन नाहीसा होतो. तो कुठे गेला हे शोधण्याच्या कामावर मी होते. हैदराबादला भूभौतिकीचं एम.एस्सी. करून आल्यावर मिळालेलं ते माझं पहिलं मोठं फील्ड, आणि त्या कामाने मला जे शिकवलं ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

लोकांना वाटतं की भूभौतिकी म्हणजे जमिनीचा एक्स-रे. तसं ते नाही, आणि हा गैरसमज आधीच दूर केलेला बरा. जमिनीवर ठेवलेलं कुठलंही यंत्र ‘इथे मँगनीज आहे’ असं सांगत नाही. ते एखादा गुणधर्म मोजतं. खालचा खडक जड आहे की हलका, चुंबकीय आहे की नाही, वीज सहज वाहू देतो की अडवतो, लाटा वेगाने नेतो की सावकाश. आजूबाजूच्या खडकापेक्षा हा गुणधर्म जिथे वेगळा, तिथे काहीतरी वेगळं आहे, एवढंच कळतं. ते वेगळं काय आहे, हे ठरवण्यात बाकीचा सगळा काळ जातो.

मँगनीजच्या बाबतीत सर्वांत उपयोगी गुणधर्म म्हणजे वजन. आम्ही टेकडीवरून आणि जुन्या खड्ड्यांतून दगड गोळा केले आणि प्रत्येक आधी हवेत, मग पाण्यात बुडवून तोलला. इथल्या अभ्रकी शिस्टची, म्हणजे पापुद्र्यांच्या साध्या खडकाची, घनता पाण्याच्या 2.7 ते 2.8 पट भरली. गोंडाइट, म्हणजे मँगनीजयुक्त गार्नेट आणि क्वार्ट्झ यांचा खडक, 3.3 ते 3.6. चांगलं धातुक 4 च्या वर. इतका फरक असेल तर गुरुत्वमापकाला तो जाणवायला हवा. धातुकाचा जड पट्टा जमिनीखाली असेल तर त्याच्यावर उभं राहिल्यावर गुरुत्वाकर्षण किंचित जास्त भरतं.

हे ‘किंचित’ म्हणजे किती, ते समजल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही. तुमसरच्या अक्षांशावर गुरुत्वाकर्षण सुमारे 9,78,600 मिलिगॅल आहे (मिलिगॅल हे ते मोजायचं एकक). दहा मीटर जाडीचा, उभा, वीस मीटर खोलीवर सुरू होऊन शंभरेक मीटर खाली गेलेला धातुकाचा पट्टा त्यात साधारण 0.3 मिलिगॅलची भर घालतो. म्हणजे तीस लाखांत एक भाग. हा एक भाग हवा असेल तर बाकीच्या सगळ्या गोष्टींचा हिशेब त्याच्याहून बारीक लावावा लागतो. चंद्र-सूर्याच्या ओढीने एकाच जागेवरचं रीडिंग दिवसभरात 0.2 ते 0.3 मिलिगॅलने वरखाली होतं, म्हणजे आम्ही शोधत होतो त्या धातुकाइतकंच. यंत्र एक मीटर उंच जमिनीवर नेलं की रीडिंग साधारण 0.2 मिलिगॅलने उतरतं. उत्तरेकडे एक किलोमीटर सरकलं की पृथ्वीच्या आकारामुळे आणि फिरण्यामुळे ते 0.55 मिलिगॅलने वाढतं. शेजारी टेकडी असेल तर ती यंत्रातल्या वजनाला वर ओढते आणि रीडिंग कमी होतं. शेजारी खड्डा असेल तर तिथे ओढायला वस्तुमानच नसतं, म्हणून तेव्हाही ते कमीच होतं. टेकडी आणि खड्डा दोघांची दुरुस्ती एकाच दिशेने करायची, हे वर्गात शिकले होते. जुन्या, पाणी भरलेल्या खाणीच्या काठावर उभी राहिले तेव्हा ते अंगात मुरलं.

इथले खडकांचे पट्टे साधारण पूर्व-पश्चिम पसरलेले आहेत, म्हणून आमच्या लाइनी उत्तर-दक्षिण. दोन लाइनींत शंभर मीटर, लाइनीवर दर वीस मीटरला एक स्टेशन. नकाशावर ही जाळी फार सुबक दिसते. प्रत्यक्षात एक लाइन धुऱ्यावरून चढते, बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाळीवरून उतरते, मोहाच्या झाडापाशी अडते, आणि पुढे कुणाच्या तरी परसात शिरते. आम्ही धान कापून झाल्यावर, बांध्यांतली लाखोळी निघाल्यावर कामाला लागलो. त्याआधी उभ्या पिकातून जायचं नाही हे आमच्या पथकाच्या प्रमुखांनी, सरांनी, पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे बायका मोहफुलं वेचायला येतात, त्या वेळी त्यांच्या झाडाखाली खुंटी ठोकायची नाही, हेही.

उंची मोजणाऱ्यांचं पथक पुढे आणि गुरुत्वाचं मागे. उंचीत पाच सेंटीमीटरची चूक झाली तर 0.01 मिलिगॅल गेलं. म्हणून प्रत्येक खुंटीची उंची ऑटो लेव्हलने घ्यायची आणि संध्याकाळी सुरुवातीच्या बिंदूवर येऊन बंद करायची. बंद झाली नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच लाइन. गुरुत्वमापकाचंही तसंच. सकाळी बेसवर, म्हणजे ठरवून ठेवलेल्या एका मूळ बिंदूवर, रीडिंग, मग स्टेशनं, दर दीड-दोन तासांनी परत बेसवर. यंत्राच्या आत क्वार्ट्झची अतिशय नाजूक स्प्रिंग असते, ती वेळेबरोबर थोडी सैलावत जाते, आणि बेसवर परत आल्याशिवाय ती किती सैलावली हे कळत नाही. सहकारी म्हणत, परत जाण्यात अर्धा दिवस जातो. खरं आहे. पण बेसवर न परतता गोळा केलेल्या आकड्यांचा नकाशा काढता येतो आणि तो नकाशा फार देखणाही दिसतो. त्यातलं काय खडकामुळे आणि काय स्प्रिंगमुळे, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही.

रीडिंग चालू असताना मिनिटभर कोणी हलायचं नाही. वारा सुटला की मोठ्या झाडाजवळचं स्टेशन सोडून द्यायचं, कारण झाड डोललं की मुळं जमीन हलवतात आणि यंत्राला ते समजतं. म्हशी जवळून गेल्या तर समजतं. खाणीत सुरुंग उडाला तर समजतंच. कुठेतरी दूर समुद्रात मोठा भूकंप झाला तर अर्धा-पाऊण तास आकडा स्थिर होत नाही, आपण झाडाखाली बसून वाट पाहायची. त्या शांततेत मला या कामाची गोडी लागली. पायाखाली काय आहे याची इतकी बारीक चाहूल आयुष्यात पहिल्यांदा लागत होती.

चुंबकत्वाचं मोजमाप त्या मानाने चपळ. कमरेचा पट्टा, किल्ल्या, मोबाइल सगळं दूर ठेवायचं आणि चालत सुटायचं. इथे पृथ्वीचं क्षेत्र साधारण 45,000 नॅनोटेस्ला आहे आणि दिवसभरात ते सूर्यामुळे पन्नासेक नॅनोटेस्लांनी वरखाली होतं, म्हणून एक यंत्र बेसवर एकाच जागी दिवसभर मोजत ठेवावं लागतं. लोखंडी पंप, टिनाचं छप्पर, विजेची तार, खाणीचा रूळ, सगळ्यांची नोंद वहीत. सर म्हणाले, याच त्रासापायी अलिबागची वेधशाळा झाली. मुंबईत कुलाब्याला 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम धावणार हे दिसू लागल्यावर, नानाभॉय मूस संचालक असताना, 1904 मध्ये ही मोजमापं अलिबागला हलवली गेली. पुढे लोखंडी कपाट असलेल्या एका घरापासून आमची लाइन दूर सरकवताना ही गोष्ट मला आठवायची आणि आपण एका जुन्या परंपरेत उभे आहोत असं वाटायचं.

मँगनीजचं धातुक बहुतेक ठिकाणी फारसं चुंबकीय नसतं, त्यामुळे चुंबकीय नकाशाकडून धातुकाची अपेक्षा नव्हतीच. त्याने दिलं ते वेगळं. मातीखालचे खडकांचे थर कसे वळले आहेत हे त्याने दाखवलं. उत्तरेकडच्या टेकडीचा पट्टा आणि दक्षिणेकडच्या टेकडीचा पट्टा हे दोन वेगळे पट्टे आहेत असं जुन्या नकाशात धरलं होतं. चुंबकीय नकाशात ते शेतांखालून एकमेकांना मिळताना दिसले. एकच थर, घडी पडलेला. घडीच्या वळणावर थर जाड होतो हे या भागातल्या खाणीतल्या कुणालाही विचारा. आपल्याकडे हा नकाशा वाचताना एक मात्र सांभाळावं लागतं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र इथे जमिनीशी साधारण 30 अंशांनी कललेलं आहे, त्यामुळे चुंबकीय खडकाच्या बरोबर डोक्यावर शिखर येत नाही. दक्षिणेला उंचवटा, उत्तरेला खोलगा, आणि खडक त्या दोहोंच्या मधल्या उतारावर. युरोप-कॅनडाच्या पुस्तकांतली चित्रं समोर ठेवून वाचलं तर बोअरचं भोक चुकीच्या बांधीत पडेल.

या सगळ्या काळात गावातले लोक विचारत होते. पहिल्या आठवड्यात कुतूहल. “का दाखवते जी हे मशीन?” मग हळूहळू खरा प्रश्न. “म्याडम, आमची जमीन जाईन का जी?”

या प्रश्नाला टाळाटाळीचं उत्तर द्यायची पद्धत आहे. ‘आम्ही फक्त सर्वेक्षण करतो’ असं म्हणायचं आणि पुढच्या खुंटीकडे चालू लागायचं. सरांना ते मंजूर नव्हतं. त्यांनी पंचायतीत बसून सांगितलं: हे मोजमाप म्हणजे खाण नाही, पण खाणीच्या वाटेवरचं हे पहिलं पाऊल असू शकतं. इथे काही निघेलच असं नाही, बहुतेक ठिकाणी निघत नाही. निघालं तर पुढे बरीच वर्षं जातील, ग्रामसभेत विषय येईल, तेव्हा प्रश्न विचारायचा तुमचा हक्क आहे, तो वापरा. त्यानंतर कोणी लाइन अडवली नाही. उलट एक-दोघांनी आपल्या बांधीतल्या खुंट्या गुरांनी उपटू नयेत म्हणून काटे लावून ठेवले. लोकांना खरं सांगितलं तर काम थांबतं, ही समजूत आमच्या क्षेत्रात फार पसरलेली आहे. मला ती तेव्हाही पटली नव्हती आणि आजही पटत नाही.

उन्हाळा चढला तोवर गुरुत्वाचा पहिला नकाशा तयार झाला. त्यात चार ठिकाणी उंचवटे होते, म्हणजे तिथे गुरुत्व आजूबाजूपेक्षा जास्त भरत होतं. एक घडीच्या वळणावर, अपेक्षेप्रमाणे. दोन पट्ट्याच्या रेषेवर. चौथा सगळ्यांत ठळक, रुंद, 0.3 च्याही वर, आणि पट्ट्यापासून थोडा बाजूला. आमच्यातल्या बहुतेकांचं लक्ष त्या चौथ्यावर. सरांनी नकाशा पाहिला आणि एकच विचारलं, “इथे कातळ किती खोल आहे?”

कोणालाच माहीत नव्हतं. आणि ते माहीत नसताना तो नकाशा मँगनीजचा नव्हताच. नदीची माती कातळापेक्षा खूप हलकी असते. ओली-कोरडी धरून घनतेत 0.7 चा फरक सहज पडतो. दहा मीटर जाडीच्या थरात एवढा फरक म्हणजे सुमारे 0.29 मिलिगॅल. मातीखाली कातळाचा दहा मीटरचा साधा उंचवटा असेल तर तो गुरुत्वमापकाला अगदी धातुकासारखा भासतो. आणि बावनथडीने या भागात किती वेळा पात्र बदललं, कातळ कुठे कोरला, कुठे तसाच सोडला, ते वरून बघून कळत नाही. वर सगळं सपाट, हिरवं धान.

म्हणजे आता धातुक बाजूला ठेवून आधी कातळाचा नकाशा करायचा. मला वाटतं या सगळ्या कामातला खरा भाग इथून सुरू झाला.

सर्वांत स्वस्त साधन आधीच गावात होतं. विहिरी. आम्ही दोर आणि वजन घेऊन विहिरीन् विहिरी फिरलो. काही ठिकाणी कातळाची कड दिसत होती, काही बांधलेल्या होत्या. तिथे ज्यांनी विहीर खोदली त्यांना गाठलं. गावात विहिरी खोदण्यात उमर घालवलेले एक काका होते. ते प्रत्येक विहिरीपाशी उभे राहून सांगत, “हितं पंधरा हातावर गोटा लागला. तिकडच्या इहिरीले पंचवीस हात गेलो तरी गोटा नायी, रेतीच रेती.” हात म्हणजे साधारण पावणेदोन फूट धरायचा का दीड, यावर आमची चर्चा झाली तेव्हा त्यांनी स्वतःचा हात पुढे केला आणि आम्ही तो टेपने मोजला. मग त्यांच्या सगळ्या आकड्यांचे मीटर झाले. जिथे कड दिसत होती तिथे त्यांचं सांगणं आणि आमचा टेप यांत फारच थोडा फरक निघाला. हे आकडे मी अहवालात वेगळ्या तक्त्यात दिले आणि माहिती कोणाकडून मिळाली तेही लिहिलं. माझ्या मते तो अहवालातला सर्वांत भरवशाचा तक्ता होता.

विहिरींच्या मधल्या जागा भरायला दोन पद्धती वापरल्या. एक लाटांची. जमिनीत चोवीस जिओफोन, म्हणजे कंपनं टिपणारी छोटी यंत्रं, रोवायचे, एका टोकाला लोखंडी पत्रा ठेवून घणाने ठोका मारायचा, आणि लाट प्रत्येक जिओफोनपर्यंत किती वेळात पोचली ते पाहायचं. कोरड्या मातीतून लाट सेकंदाला चारशे-पाचशे मीटरने जाते, पाण्याने भरलेल्या मातीतून दीड हजाराच्या आसपास, ताज्या कातळातून चार-पाच हजारांनी. ठोक्यापासून जवळच्या जिओफोनला मातीतली लाट आधी पोचते. लांबच्या जिओफोनला मात्र खाली कातळात उतरून, तिथे वेगाने धावून, पुन्हा वर आलेली लाट आधी गाठते. एखाद्याने गावातल्या गल्लीबोळांऐवजी लांबच्या हमरस्त्याने जाऊन आधी पोचावं तसं. ही अदलाबदल किती अंतरावर होते त्यावरून कातळाची खोली निघते. एका ठोक्याने भागत नाही, एकाच जागी पुन्हा पुन्हा मारून ठोके एकमेकांत मिळवावे लागतात, म्हणजे वाऱ्याचा गोंगाट मागे पडतो. हे काम पहाटे, वारा उठायच्या आत. घण मारायला गावातली तरणी पोरं होती आणि कोणाचा ठोका स्क्रीनवर जास्त स्वच्छ उमटतो याची त्यांच्यात चुरस लागायची.

दुसरी पद्धत विजेची. दोन सळयांतून जमिनीत प्रवाह सोडायचा, मधल्या दोन बिंदूंवर विभवांतर (व्होल्टेजचा फरक) मोजायचं, आणि बाहेरच्या सळया लांब लांब नेत जायच्या. जितक्या लांब, तितका प्रवाह खोल उतरतो. फ्रेंच भूभौतिकीतज्ज्ञ कॉनराड श्लुम्बर्जे यांनी 1912 मध्ये नॉर्मंडीत जमिनीत प्रवाह सोडून विभवाचा नकाशा काढला होता, मूळ कल्पना तीच. चिकणमातीचा रोध 5 ते 20 ओहम-मीटर, मुरमासारख्या कुजलेल्या खडकाचा त्याहून जास्त, ताज्या कातळाचा कित्येक शेकडे. मे महिन्यात वरची जमीन इतकी कोरडी ठणठणीत असते की सळईतून प्रवाह शिरतच नाही. प्रत्येक सळईपाशी खड्डा करून मिठाचं पाणी ओतायचं, थोडं थांबायचं, मग मोजायचं. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात पाणी जमिनीत ओतताना मला फार वाईट वाटायचं. मग पिण्याचं पाणी या कामाला वापरायचं नाही, बोडीच्या तळातलं गढूळ आणायचं, असं ठरवलं.

कातळाचा नकाशा झाला तेव्हा त्यात एक जुनं, गाडलं गेलेलं पात्र स्पष्ट दिसलं. आजच्या ओढ्यापासून बरंच दूर, वळण घेत गेलेलं, रेतीने भरलेलं. काकांची ‘रेतीच रेती’वाली विहीर त्याच्या बरोबर मध्यावर. आणि त्या पात्राच्या काठावर, आमच्या चौथ्या, सर्वांत ठळक उंचवट्याखाली, कातळ एकदम वर आलेला होता. त्याच्या मातीचा हिशेब वजा केला आणि तो उंचवटा नकाशावरून जवळजवळ पुसला गेला. तिथे बोअर मारला असता तर थोड्या खोलीवर साधा शिस्ट लागला असता. उलट घडीच्या वळणावरचा उंचवटा, जो पहिल्या नकाशात बेताचाच वाटत होता, तो वजाबाकीनंतर वाढला. त्याच्यावर मातीचा जाड थर होता आणि त्या हलक्या मातीने धातुकाचं वजन झाकून टाकलं होतं.

अजून एक वजाबाकी बाकी होती. सबंध नकाशा एका बाजूला सावकाश कललेला होता, कारण कित्येक किलोमीटर खोलवरच्या खडकांचाही गुरुत्वावर परिणाम होतो. तो मोठा कल काढल्याशिवाय लहान उंचवटे नीट उभे राहत नाहीत. त्यासाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावरची विस्तृत भागाची गुरुत्वाची माहिती घेतली. या खोलवरच्या परिणामाची ठळक जाण जगाला आपल्याच देशातल्या मोजणीतून आली. एकोणिसाव्या शतकात देशभर झालेल्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणात उत्तरेकडच्या कलियाना आणि माळव्याजवळच्या कल्याणपूर या ठाण्यांमधल्या अक्षांशांचा फरक, ताऱ्यांवरून आणि जमिनीवरून मोजलेला, 5.24 विकलांनी (एक विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग) जुळत नव्हता. गणिती जॉन प्रॅट यांनी 1855 मध्ये हिमालयाच्या ओढीचा हिशेब केला तर तो याच्या तिप्पट निघाला. म्हणजे पर्वताखाली वस्तुमान कमी आहे, हे त्या विसंगतीतून पुढे आलं. त्या सर्वेक्षणाचा पाया घालणारे विल्यम लॅम्बटन 1823 मध्ये काम करता करता आमच्या विदर्भात, हिंगणघाटला वारले. तिथे त्यांची कबर आहे. वर्ध्याकडे जाणं झालं तेव्हा मी मुद्दाम वाट वाकडी करून ती पाहून आले.

उरलेल्या तीन जागांवर आम्ही प्रेरित ध्रुवणाचं, फील्डमध्ये आम्ही ज्याला नुसतं आयपी म्हणतो ते मोजमाप केलं. प्रवाह सोडायचा, बंद करायचा, आणि बंद केल्यावरही जमीन काही क्षण विद्युतभार धरून ठेवते का ते पाहायचं. धातूसारखी वीज वाहून नेणारी खनिजं खडकात असतील तर ती धरून ठेवते. यासाठी साध्या सळया चालत नाहीत, मातीची सच्छिद्र भांडी लागतात, त्यात मोरचुदाचं दाट पाणी आणि तांब्याची कांब. मोरचूद ओळखीचं असल्याने भाजीवाले शेतकरी लगेच जवळ आले. फवारणीचं औषध जमिनीला कशाला, असं त्यांनी विचारलं आणि सरांनी तिथल्या तिथे भांड्याचं काम समजावून सांगितलं. दोन जागी प्रतिसाद आला, एका जागी आला नाही. पण ग्रॅफाइट असेल तरीही असाच प्रतिसाद येतो, आणि मँगनीजची सगळीच खनिजं सारखी वीज वाहून नेत नाहीत. त्यामुळे एकट्या आयपीवर कोणी बोअरची जागा ठरवू नये. आम्ही ते गुरुत्वाला पाठबळ म्हणून धरलं.

पावसाआधी बोअर सुरू झाले. थर कललेले, म्हणून बोअरही तिरके. पहिला पट्ट्याच्या रेषेवरच्या जागी. अपेक्षित खोलीच्या आसपास खडक बदलला, गाभा (बोअरमधून निघणारी खडकाची कांडी) जड झाला, आणि मशीनवाल्यांचे चेहरे खुलले. कोअर बॉक्समध्ये मांडून धुतल्यावर दिसलं की ते गोंडाइट आहे. गार्नेटचे बारीक नारिंगी-तपकिरी दाणे, मधून क्वार्ट्झ, काळ्या खनिजाच्या पातळ रेषा. मँगनीज आहे, पण खाणीच्या उपयोगाचं नाही. यंत्र खोटं बोललं नव्हतं. तिथे जड खडक आहे असं त्याने सांगितलं होतं आणि जड खडक होता. घनता 3.5 ची असो की 4 ची, जाडी आणि खोली थोडी इकडे-तिकडे केली की दोन्हींचा उंचवटा सारखाच काढता येतो. गुरुत्वाच्या आकड्याला एकच उत्तर नसतं, हे शिकवताना फळ्यावर सूत्र लिहितात. मला वाटतं विद्यार्थ्यांना गोंडाइटचा असा एक गाभा हातात द्यावा.

दुसरा बोअर घडीच्या वळणावर. इथे कातळ लागण्याची खोली आम्ही आधीच सांगितली होती आणि ती मीटरभराच्या फरकाने बरोबर आली. ड्रिलरने वर मान करून पाहिलं आणि हाताने खूण केली, त्याचं मला धातुकाइतकंच समाधान वाटलं. मग बराच वेळ शिस्ट, मग गोंडाइट, आणि त्याच्या खाली काळं, भरीव, हातात घेतल्यावर मनगट खाली झुकवणारं धातुक. पट्टा आम्ही मांडलेल्या जाडीपेक्षा कमी जाड होता, कारण काही भार गोंडाइटचाही होता आणि तो आम्ही धातुकाच्या खात्यावर धरला होता. नमुने प्रयोगशाळेत गेले, पुढच्या टप्प्याच्या बोअरांचा आराखडा त्यावरून आखला गेला, आणि ते काम दुसऱ्या पथकाकडे गेलं.

कातळाच्या खोलीचा नकाशा मात्र गावातच राहावा असं मी सरांना म्हटलं, आणि परवानगी घेऊन त्याची एक मोठी प्रत आम्ही पंचायतीत दिली. सरपंचबाईंनी तो टेबलावर पसरला. मँगनीजबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. गाडलेल्या पात्रावरून त्या बोट फिरवत गेल्या, कुठल्या सर्व्हे नंबरातून ते जातं ते एकेक करून विचारलं, आणि ग्रामसेवकाला म्हणाल्या, “नव्या इहिरीचा ठराव आपुन तिकडं टेकडीखाली केला होता ना? तो बदलवा लागते.” काकाही तिथे होते. नकाशावरची आपली विहीर त्यांनी स्वतः शोधून काढली, आणि ठराव बदलायचाच तर तिच्या दक्षिणेला रेती आणखी जाड आहे, असं सांगू लागले.